लाटेकमध्ये वारंवार लागणारा मजकूर: स्वतःच्या आज्ञा कराव्यात की संपादकातील स्निपेट वापरावेत?

प्रश्न

नमस्कार.

मी यंत्रांच्या वापरपुस्तिका आणि देखभालीचे अहवाल मराठीत तयार करतो व त्यांची अक्षरजुळणी लुआलाटेकमध्ये, म्हणजे मजकुरातच आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या लाटेक या प्रणालीच्या एका रूपात, करतो. प्रत्येक दस्तऐवजात काही भाग तेच ते असतात: धोक्याची सूचना देणारी रंगीत चौकट, उत्पादनाचे पूर्ण नाव, तपासणीच्या तक्त्याची शीर्षओळ, आणि शेवटी तयार करणारा, तपासणारा व मंजुरी देणारा अशा तिघांच्या सह्यांची जागा. सध्या मी जुनी फाईल उघडून हे भाग नव्या फाईलमध्ये चिकटवतो. त्यामुळे एकाच चौकटीची निरनिराळी रूपे निरनिराळ्या पुस्तिकांत वावरत आहेत आणि त्यांतले अधिकृत रूप कोणते, हे सांगणे अवघड झाले आहे.

हे भाग एकदाच लिहून हवे तेथे बोलावण्याची रीतसर पद्धत कोणती? माझ्या संपादकात स्निपेट, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारे मजकुराचे तयार तुकडे, साठवण्याची सोय आहे. ती पुरेशी आहे की लाटेकमध्येच आज्ञा तयार कराव्यात? आज्ञा केल्यास त्या कोठे ठेवल्या म्हणजे सर्व दस्तऐवजांना त्या उपलब्ध होतील?

उत्तर १

आपण विचारलेल्या दोन सोयी वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांचे काम वेगळे आहे. संपादकातील स्निपेट हा टंकलेखनाचा वेळ वाचवतो. तो एकदा फाईलमध्ये उमटला की त्याचा मूळ साच्याशी संबंध संपतो, आणि पुढे साचा सुधारला तरी आधी उमटलेल्या प्रती जशाच्या तशा राहतात. लाटेकची आज्ञा मात्र फाईलमध्ये केवळ नावाने राहते आणि तिचा अर्थ दरवेळी संकलनाच्या वेळी, म्हणजे फाईलपासून छापील पाने तयार होताना, व्याख्येतून घेतला जातो, त्यामुळे व्याख्या बदलली की सर्व जागा बदलतात. म्हणून प्रत्येक भागाबाबत एकच गोष्ट ठरवावी: उद्या हा भाग सुधारला, तर आधी जेथे जेथे तो वापरला आहे तेथेही सुधारणा दिसायला हवी आहे का? हवी असल्यास आज्ञा करावी, नको असल्यास स्निपेट पुरतो. आपल्या यादीतील चौकट, उत्पादनाचे नाव आणि सह्यांची जागा ही तिन्ही आज्ञांची कामे आहेत.

साध्या आज्ञेसाठी न्यूकमांड पुरते. तिला पहिल्या महिरपी कंसात नवे नाव, त्यानंतर चौकोनी कंसात घटकांची, म्हणजे आज्ञेला दरवेळी पुरवायच्या मजकुरांची, संख्या आणि शेवटच्या महिरपी कंसात व्याख्या द्यावयाची असते. व्याख्येत त्या त्या घटकाच्या जागी हॅशची खूण आणि क्रमांक लिहावा. घटक जास्तीत जास्त ९ असू शकतात, पण तीन-चारांच्या पुढे गेल्यास कोणता घटक कितवा हे लिहिणाऱ्याच्याच लक्षात राहत नाही. संख्येनंतर आणखी एक चौकोनी कंस दिल्यास पहिला घटक ऐच्छिक होतो आणि कंसातील मजकूर हे त्याचे मूळ मूल्य ठरते. न्यूकमांडचा मोठा गुण असा की, दिलेले नाव आधीच वापरात असल्यास ती त्रुटी दाखवून थांबते. लाटेक ज्याच्यावर उभारले आहे त्या टेकमधील मूळची डेफ ही आज्ञा कसलीही सूचना न देता जुनी व्याख्या पुसून टाकते, म्हणून ती जुन्या उदाहरणांत दिसली तरी उचलू नये. अस्तित्वात असलेली व्याख्या जाणीवपूर्वक बदलायची असेल तेव्हा रिन्यूकमांड आहेच.

नवे काम सुरू करत असाल तर मी मात्र थेट न्यूडॉक्युमेंटकमांड सुचवेन. ही आज्ञा पूर्वी एक्सपार्स या पॅकेजमधून, म्हणजे वेगळ्या जोडून घ्यायच्या आज्ञासंचातून, घ्यावी लागत असे. ऑक्टोबर २०२०च्या आवृत्तीपासून ती लाटेकच्या गाभ्यातच आली आहे. तिच्यात घटकांची संख्या सांगण्याऐवजी प्रत्येक घटकाचा प्रकार एकेका अक्षराने सांगता येतो: अनिवार्य घटकासाठी एम, ऐच्छिक घटकासाठी ओ, आणि नावापुढे तारका आहे की नाही हे ओळखण्यासाठी एस. शिवाय अशा आज्ञा मुळातच मजबूत असतात, म्हणजे प्रकरणाच्या शीर्षकात किंवा चित्राच्या मथळ्यात वापरल्या तरी अनुक्रमणिकेत लिहिल्या जाताना मोडत नाहीत.

सूचनेची चौकट ही आज्ञा न करता परिसर, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट, म्हणून करावी. तिच्यात अनेक परिच्छेद, याद्या, कधी एखादी आकृतीही येते. एवढा मजकूर एका महिरपी कंसात कोंबला की कंस कोठे संपतो ते सापडत नाही, आणि मजकूर जसाच्या तसा छापणारी व्हर्ब ही आज्ञा दुसऱ्या आज्ञेच्या घटकात चालतही नाही. चौकटीसाठी टीकलरबॉक्स पॅकेजमधील न्यूटीकलरबॉक्स वापरल्यास रंग, कडा, शीर्षक आणि पान संपल्यावर चौकट पुढच्या पानावर नेण्याची सोय या सर्व गोष्टी एका व्याख्येत बसतात. स्वतः न्यूएन्व्हायर्न्मेंटने परिसर घडवणार असाल तर एवढे लक्षात ठेवावे की, त्यातील घटक केवळ सुरुवातीच्या भागात वापरता येतात, शेवटच्या भागात नाही. न्यूडॉक्युमेंटएन्व्हायर्न्मेंटमध्ये हे बंधन नाही.

आणखी दोन बारकावे सांगतो, कारण त्यांच्यामुळे होणारा बिघाड त्रुटी म्हणून दिसत नाही, फक्त छापील पानावर दिसतो. व्याख्या अनेक ओळींत लिहिली की प्रत्येक ओळीचा शेवट ही एक मोकळी जागा मानली जाते आणि ती पानावर उमटू शकते. ओळीच्या शेवटी टक्क्याची खूण केल्यास ती टळते. तसेच ठळक अक्षरांचा किंवा रंगाचा बदल सुरू करणारी आज्ञा व्याख्येत असेल तर संपूर्ण व्याख्येला आणखी एक महिरपी कंस घालावा, नाहीतर तो बदल आज्ञेबाहेर गळतो आणि पुढचा सगळा परिच्छेद ठळक होतो. परिसराला हा धोका नाही, कारण तो स्वतःच एक गट असतो.

नावे मात्र दिसण्यावरून ठेवू नयेत. चौकटीला तांबडीचौकट म्हटले आणि पुढे काळ्यापांढऱ्या छपाईसाठी ती करडी करावी लागली, तर नाव आयुष्यभर खोटे बोलत राहील. दक्षता हे नाव रंग बदलला तरी खरेच राहते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त स्निपेटची बाजू थोडी मांडतो, कारण त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

ज्या भागाचा सांगाडा ठरलेला आहे पण आतला प्रत्येक शब्द दरवेळी नवा आहे, तेथे आज्ञा करून काही साधत नाही. तपासणीचा तक्ता हे त्याचे चांगले उदाहरण आहे: स्तंभांची मांडणी, मथळा, संदर्भासाठीचे लेबल आणि एक रिकामी ओळ एवढे उमटले की पुढचे काम हातानेच करायचे असते. टेकस्टुडिओमध्ये मॅक्रोच्या यादीतून असा मजकूर साठवता येतो आणि ठरावीक अक्षरे टंकताच तो आपोआप उमटावा असेही सांगता येते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये लाटेकसाठी स्वतःच्या स्निपेटची वेगळी फाईल ठेवता येते, ईमॅक्समध्ये यास्निपेट आहे, व्हिममध्ये अल्टिस्निप्स आहे. या सर्वांत भरायच्या जागा आधीच नेमून ठेवता येतात आणि ठरलेली कळ दाबत एका जागेवरून दुसऱ्या जागी जाता येते.

दोन्ही सोयी एकत्र वापरणे सर्वांत फायद्याचे ठरते. दक्षता हा परिसर व्याख्येत ठेवावा आणि त्याची सुरुवात, शेवट व शीर्षकाची रिकामी जागा उमटवणारा स्निपेट संपादकात ठेवावा. चौकट कशी दिसावी हे मग एकाच ठिकाणी ठरते, आणि टंकायचे कष्टही वाचतात. स्निपेटमध्ये रंग, अंतरे, जाडी अशी सजावटीची माहिती शिरू लागली की तो भाग आज्ञेत हलवण्याची वेळ झाली असे समजावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. चौकट आणि सह्यांची जागा यांचे काम व्यवस्थित झाले. उत्पादनाच्या नावाबाबत मात्र अडचण आहे. मी \यंत्र अशी आज्ञा केली आणि तिचा विस्तार जलशुद्धीकरण यंत्र असा ठेवला. सुटी लिहिल्यास ती चालते, परंतु तिच्यानंतरची मोकळी जागा नाहीशी होते आणि पुढचा शब्द चिकटतो. आणि \यंत्राचा असे लिहिले की अशी आज्ञाच अस्तित्वात नाही अशी त्रुटी येते. इंग्रजी अक्षरांत नाव ठेवून त्याला मराठी प्रत्यय जोडून पाहिला, तरीही तीच त्रुटी आली. एक्सस्पेस या पॅकेजचा सल्ला काही ठिकाणी वाचला. त्याने हे सुटेल का?

उत्तर ३

ही अडचण मराठीत लिहिणाऱ्याला हमखास येते आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तिचे पूर्ण उत्तर सापडत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लाटेक आज्ञेचे नाव वाचताना उलट्या तिरक्या रेघेपासून निघून सलग अक्षरे गोळा करत जाते आणि अक्षर नसलेले पहिले चिन्ह आले की थांबते. थांबण्याचे कारण मोकळी जागा असेल तर ती गिळली जाते. आपला पुढचा शब्द चिकटतो तो यामुळे. आता लुआलाटेक आणि झीलाटेक या लाटेकच्या दोन्ही रूपांत देवनागरीतील व्यंजने, स्वर, मात्रा आणि हलन्त यांना अक्षरांचाच दर्जा असतो. म्हणूनच \यंत्र असे देवनागरी नाव ठेवणे शक्य होते, आणि म्हणूनच नावाला लागून लिहिलेला प्रत्ययही नावाचाच भाग समजला जातो. नाव रोमन अक्षरांत असले तरी काही फरक पडत नाही, कारण रोमन आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांतील वर्ण अक्षरेच आहेत आणि वाचणे मध्ये थांबत नाही. अंकांना मात्र, मग ते कोणत्याही लिपीतले असोत, हा दर्जा नाही. त्यामुळे आज्ञेच्या नावात अंक चालत नाहीत.

एक्सस्पेस हे पॅकेज पुढचे चिन्ह पाहून मोकळी जागा घालावी की नाही याचा अंदाज करते. विरामचिन्ह असेल तर घालू नये, अन्यथा घालावी असा त्याचा सर्वसाधारण नियम आहे. मराठीत हा अंदाज नेमका उलट पडतो, कारण प्रत्यय हे विरामचिन्ह नव्हे. त्यामुळे नाव आणि प्रत्यय यांच्यामध्ये नको असलेली फट पडेल. प्रत्यय लागणाऱ्या शब्दांसाठी ते वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सरळ उपाय म्हणजे नावाचा शेवट रिकाम्या महिरपी कंसांनी दाखवणे. \यंत्र{} असे लिहिले की पुढची मोकळी जागाही शाबूत राहते आणि प्रत्ययही नावात मिसळत नाही. परंतु येथे खरा प्रश्न व्याकरणाचा येतो. प्रत्यय लागण्यापूर्वी यंत्र या शब्दाचे सामान्यरूप यंत्रा असे होते. \यंत्र{}चा असे लिहिल्यास पानावर यंत्रचा असे उमटेल. काही जण कंसांपुढे नुसता काना लिहून हे भागवू पाहतात. तसे करू नये. संपादकात तो काना ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळताना दिसतो, फाईलमध्ये शब्द शोधणे अवघड होते, आणि एकाच अक्षराचे दोन तुकडे दोन ठिकाणी राहतात. तोडायचे असेल तर अक्षर पूर्ण झाल्यावरच तोडावे.

यासाठी पहिल्या उत्तरात आलेली तारकेची सोय फार उपयोगी पडते. न्यूडॉक्युमेंटकमांडने \यंत्र ही आज्ञा एस हा एकच घटक देऊन करावी आणि व्याख्येत इफबूलियनटीएफ वापरून तारका असल्यास जलशुद्धीकरण यंत्रा, नसल्यास जलशुद्धीकरण यंत्र असे दोन पर्याय द्यावेत. मग \यंत्र*चा, \यंत्र*ला, \यंत्र*तून असे लिहिता येते. तारका हे अक्षर नसल्यामुळे नाव तेथेच संपते, म्हणून या रूपाला रिकाम्या कंसांची गरजही उरत नाही. तारका नसलेले रूप मात्र \यंत्र{} असेच लिहावे.

असे शब्द पुष्कळ असतील तर प्रत्येकासाठी ही व्याख्या पुन्हा लिहिण्यापेक्षा \शब्दनोंद अशी एक आज्ञा करावी, जिला नवे नाव, मूळ रूप आणि सामान्यरूप असे तीन घटक दिले की ती पुढची तारकेची आज्ञा स्वतः तयार करील. आज्ञेच्या आत दुसरी आज्ञा व्याख्यायित करताना आतल्या आज्ञेच्या घटकांपुढे हॅशची खूण दोनदा लिहावी लागते, एवढे पथ्य पाळावे. समितीसारख्या ज्या शब्दांचे सामान्यरूप वेगळे दिसत नाही त्यांनाही दोन्ही रूपे सारखीच द्यावीत, म्हणजे कोणत्या शब्दाला तारका लागते आणि कोणत्याला नाही हे लक्षात ठेवावे लागणार नाही.

तरीही एक गोष्ट कोणतीही आज्ञा करू शकणार नाही. उद्या यंत्र या शब्दाच्या जागी प्रणाली आली, तर ते यंत्र सुरू झाले हे वाक्य ती प्रणाली सुरू झाली असे व्हावे लागेल. सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही बदलतील. म्हणून सामान्यनामाला शक्यतो आज्ञेत घालू नये. मॉडेलचे नाव, आवृत्ती, संस्थेचे पूर्ण नाव अशा गोष्टी आज्ञेत ठेवाव्यात आणि त्यांच्यामागे यंत्र हे नाम उघडपणे लिहावे, म्हणजे प्रत्यय त्या उघड्या नामाला लागतो आणि आज्ञेला व्याकरणाशी कर्तव्य राहत नाही. वाक्य थोडे लांबते, पण माझ्या अनुभवाने तांत्रिक लेखनात हीच रीत अधिक टिकाऊ ठरते. तारकेची सोय जेथे हे शक्यच नसेल तेथे वापरावी.

उत्तर ४

व्याख्या कोठे ठेवाव्यात, या प्रश्नाचे उत्तर राहून गेले आहे.

एकाच दस्तऐवजापुरत्या आज्ञा प्रिॲम्बलमध्ये, म्हणजे फाईलमधील मुख्य मजकुराआधीच्या भागात, ठेवल्या तरी चालतात. अनेक दस्तऐवजांसाठी एसटीवाय हा विस्तार असलेली स्वतंत्र फाईल करावी, तिच्या सुरुवातीला प्रोव्हाइड्सपॅकेज या आज्ञेने फाईलचे नाव आणि तारीख नोंदवावी, टीकलरबॉक्ससारखी लागणारी पॅकेजे रिक्वायरपॅकेजने त्या फाईलमध्येच मागवावीत, आणि दस्तऐवजात ती फाईल यूजपॅकेजने बोलवावी. ही फाईल आपल्या वैयक्तिक टेक्सएमएफ फोल्डरमध्ये टेक, त्याच्या आत लाटेक, आणि त्याच्या आत आपल्या नावाचे फोल्डर अशा क्रमाने ठेवली की टेक लाइव्ह या लाटेकच्या वितरणाला ती आपोआप सापडते. सूची नव्याने बांधण्याची आज्ञा चालवावी लागत नाही. ते फोल्डर नेमके कोठे आहे हे केपीएसईव्हिच या साधनाला टेक्सएमएफहोम या चलाचे मूल्य विचारून कळते. मिकटेक या दुसऱ्या वितरणात असे फोल्डर त्याच्या कन्सोलमधून एकदा नोंदवावे लागते.

देवनागरी नावांबद्दल एक सावधगिरी. लाटेकच्या पीडीएफलाटेक या रूपात अशी नावे चालत नाहीत, आणि काही संपादकांत नाव आपोआप पूर्ण करण्याची व रंगाने दाखवण्याची सोय रोमन नावांपुरतीच असते. फाईल फक्त आपणच हाताळणार असाल तर हरकत नाही. इतर सहकाऱ्यांनाही ती वापरायची असेल तर त्यांच्या संपादकात आधी तपासून पाहावे.

उत्तर ५

मी लाटेकचा नित्य वापरकर्ता नाही, परंतु पहिल्या उत्तरातील भेद इतर साधनांतही तंतोतंत आढळतो म्हणून लिहितो. वर्डमधील ऑटोटेक्स्ट आणि क्विक पार्ट्स, तसेच लिबरऑफिसमधील कंट्रोल व एफ३ दाबून उघडणारा ऑटोटेक्स्ट, हे सर्व स्निपेटच्या जातीचे आहेत. मजकूर उमटला की तो स्वतंत्र झाला. व्याख्येसारखे वागणारे तेथे असतात ते फील्ड. दस्तऐवजाच्या गुणधर्मांत उत्पादनाचे नाव एकदा नोंदवून सर्वत्र त्याचे फील्ड घातले, तर नोंद बदलून आणि एफ९ दाबून सर्व जागा अद्ययावत करता येतात. वर्डमध्ये पानाच्या वरच्या व खालच्या पट्टीतील फील्ड मुख्य मजकूर निवडून एफ९ दाबले तरी बदलत नाहीत, त्यांना स्वतंत्रपणे निवडावे लागते. जुना मॉडेल क्रमांक बहुधा तेथेच शिल्लक राहतो.

मात्र सगळीकडे बदल पोहोचणे नेहमीच इष्ट असते, हे मला मान्य नाही. मंजुरीची सही होऊन वितरित झालेली पुस्तिका वर्षभराने पुन्हा छापायची वेळ आली आणि दरम्यान सामाईक व्याख्येतील सूचना बदललेली असली, तर तीच आवृत्ती म्हणून छापलेली प्रत मूळ प्रतीपेक्षा वेगळी निघेल. देखभालीच्या कागदपत्रांत हे चालणार नाही.

उत्तर १ देणाऱ्याचा पुढील प्रतिसाद

हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यावर लाटेकमध्ये उपाय आहे. फाईल शोधताना टेक सर्वप्रथम चालू फोल्डर पाहते आणि नंतर इतर ठिकाणी जाते. त्यामुळे दस्तऐवज मंजूर होताच सामाईक एसटीवाय फाईलची त्या दिवशीची प्रत दस्तऐवजाच्याच फोल्डरमध्ये ठेवून द्यावी. पुढे सामाईक फाईल कितीही बदलली तरी त्या दस्तऐवजाला शेजारचीच प्रत मिळेल. याउलट, चालू दस्तऐवजाला चुकून जुनी प्रत मिळू नये यासाठी यूजपॅकेजच्या शेवटी चौकोनी कंसात किमान तारीख लिहावी, म्हणजे प्रोव्हाइड्सपॅकेजमध्ये नोंदवलेली तारीख त्याहून जुनी असल्यास इशारा मिळतो. प्रिॲम्बलमध्ये लिस्टफाइल्स ही आज्ञा घातली तर संकलनात वापरलेल्या सर्व फाईलींची तारखांसह यादी लॉगमध्ये येते. ती यादी मंजूर प्रतीसोबत जपून ठेवावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

\शब्दनोंद करून पाहिली, ती चालते. मॉडेलच्या नावामागे यंत्र हा शब्द उघडा ठेवण्याची सूचना स्वीकारली असल्याने तारकेचा वापर आता केवळ संस्थेच्या आणि विभागांच्या नावांपुरता उरला आहे. मंजूर झालेल्या पुस्तिकांच्या फोल्डरमध्ये एसटीवाय फाईलच्या प्रती ठेवण्यास सुरुवात केली आहे. सह्यांच्या जागेतील तीन पदनामे काही अहवालांत बदलतात. त्यांना ऐच्छिक घटक करावे की अनिवार्य, हे अजून ठरवलेले नाही.

उत्तर ३ देणाऱ्याचा पुढील प्रतिसाद

अनिवार्य करू नयेत, पण तीन ऐच्छिक घटकही करू नयेत. तिसरे पदनाम बदलण्यासाठी पहिली दोन उगाच लिहावी लागतील. त्याऐवजी तीन पदनामांच्या तीन छोट्या आज्ञा पॅकेजमध्ये ठेवाव्यात, सह्यांच्या आज्ञेने त्या बोलवाव्यात, आणि ज्या अहवालात पदनाम वेगळे असेल त्याच्या प्रिॲम्बलमध्ये तेवढी एक आज्ञा रिन्यूकमांडने बदलावी.